सात दिवस, ५४५ मैल : निधीसाठीच्या सायकलयात्रेची पूर्वतयारी

सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हा प्रवास मोटारीने सहा-सात तासांत होतो. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठाने आणि आतल्या खोऱ्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवरून तोच प्रवास सायकलने सात दिवसांत करण्याचा एक उपक्रम १९९४ मध्ये सुरू झाला आणि करोनाच्या साथीतील २०२० व २०२१ ही दोन वर्षे वगळता जून २०२५ पर्यंत चालला. आरंभी त्याचे नाव ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’ असे होते. २००२ पासून त्याची जागा ‘एड्स/लाइफसायकल’ या यात्रेने घेतली. एकूण अंतर ५४५ मैल, म्हणजे सुमारे ८७७ किलोमीटर. ही शर्यत नव्हती. कोण पहिला आला याची नोंद होत नसे आणि पदकेही नसत. सहभागी होणाऱ्यांत शिक्षक, परिचारिका, संगणक अभियंते, निवृत्त कारकून अशा सर्वसामान्यांचाच भरणा असे. त्यांतील कित्येकांनी नाव नोंदवतेवेळी शाळा सोडल्यापासून सायकलला हात लावलेला नसे. अशा माणसाला पाच-सहा महिन्यांत रोज सरासरी सव्वाशे किलोमीटर, सलग सात दिवस सायकल चालवण्यास सक्षम करणे हा या उपक्रमाचा खरा कणा होता. यात्रा आता बंद झाली असली तरी तिच्या निमित्ताने घडत गेलेली सरावाची पद्धत लांब पल्ल्याच्या कोणत्याही सायकलप्रवासास लागू पडते, म्हणून ती समजून घेण्याजोगी आहे.

यात्रेचा उगम ज्या काळात झाला त्याचे भान ठेवल्याशिवाय या तयारीमागील निकड ध्यानात येत नाही. १९९४ च्या सुमारास अमेरिकेत २५ ते ४४ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण एड्स हे होते. संयुक्त औषधोपचार १९९६ नंतर सर्वत्र रुळले. तोपर्यंत या रोगाचे निदान म्हणजे बहुधा मृत्यूची तारीखच मानली जाई. डॅन पॅलोटा यांनी योजलेल्या पहिल्या यात्रेत भाग घेणाऱ्यांपैकी अनेकांनी मित्र, भाऊ वा जोडीदार गमावलेला होता आणि काही जण स्वतःच बाधित होते. पुढे बाधितांचा ‘पॉझिटिव्ह पेडलर्स’ हा गट यात्रेत उघडपणे आपली ओळख सांगत सायकल चालवू लागला. ज्या आजाराने माणसे अंथरुणाला खिळत असत, तोच आजार असलेला मनुष्य घाट चढताना दिसणे, यात प्रचाराच्या शंभर फलकांहून अधिक सामर्थ्य होते.

दोन प्रतिज्ञा

नाव नोंदवणारा प्रत्येक जण दोन बंधने स्वीकारत असे. एक अंतराचे आणि दुसरे पैशाचे. प्रत्येक सायकलस्वाराने किमान तीन हजार डॉलर, आणि शेवटच्या काही वर्षांत साडेतीन हजार डॉलर, निधी जमवणे आवश्यक असे. तेवढी रक्कम न जमल्यास आरंभरेषेवर उभे राहता येत नसे. जमलेला निधी सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन आणि लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर या दोन संस्थांच्या कामाकडे जाई. तपासण्या, औषधोपचार आणि समुपदेशन ही त्यांची सेवाकार्ये. १९९४ पासूनचा एकंदर निधी ३० कोटी डॉलरहून अधिक भरला.

पैशाचे बंधन सरावाच्या दृष्टीनेही उपकारक ठरत असे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जानेवारीतील गारठ्यात पहाटे पाच वाजता उठून सायकल बाहेर काढण्याचे कारण केवळ प्रकृतिस्वास्थ्य असेल तर तिसऱ्या आठवड्यात ते कारण अपुरे पडते. परंतु शंभर आप्तेष्टांना पत्रे पाठवून त्यांच्याकडून तीस-तीस, पन्नास-पन्नास डॉलर घेतलेले असले की परत फिरण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. अर्थात या बंधनाची दुसरी बाजूही आहे. दुखावलेला गुडघा घेऊन केवळ देणगीदारांच्या लाजेस्तव सराव रेटणारेही कमी नसत आणि मग ते मे महिन्यात वैद्याकडे पोहोचत. देणगी संस्थेच्या कार्यासाठी असते, विशिष्ट मैलसंख्येसाठी नसते, हे जाणते प्रशिक्षक आरंभीच बजावून सांगत.

पैशाच्या बाबतीत वादही झाले. पॅलोटा यांच्या कंपनीमार्फत होणाऱ्या यात्रांवरील खर्चाचे प्रमाण फार वाढल्याची टीका होऊ लागली आणि लाभार्थी संस्थांनी फारकत घेऊन २००२ मध्ये स्वतःची यात्रा सुरू केली. त्याच वर्षी पॅलोटा यांची कंपनी बंद पडली. पन्नास हजार डॉलरच्या भांडवलावर नऊ वर्षांत, सर्व खर्च वजा जाता, १० कोटी ८० लाख डॉलर एड्सविषयक सेवांना मिळाले, असा पॅलोटा यांचा दावा आहे. खर्चाच्या टक्केवारीवरून धर्मादाय कामाचे मोल ठरवणे चुकीचे आहे, हे त्यांनी २००८ च्या ‘अनचॅरिटेबल’ या पुस्तकात विस्ताराने मांडले. दुसऱ्या टोकाला मॅसॅच्युसेट्समधील ‘पॅन-मॅस चॅलेंज’ ही १९८० मध्ये ३६ सायकलस्वारांनिशी सुरू झालेली यात्रा आहे. तेथे २००७ पासून सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर डॅना-फार्बर या कर्करोग संस्थेस दिला जातो आणि आयोजनाचा खर्च अन्य मार्गांनी भागवला जातो. सात दिवस दोन-तीन हजार माणसांना अन्न, पाणी, तंबू, स्नान आणि वैद्यकीय मदत पुरवणे स्वस्तात होणे शक्य नाही, हे मात्र मान्य करावेच लागेल.

सरावाचे पंचांग

यात्रा जूनच्या पहिल्या आठवड्यात असे. त्यामुळे सरावाचा आरंभ जानेवारी वा फेब्रुवारीत होई. हे दिवस उत्तर कॅलिफोर्नियातील पावसाचे. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या हिवाळ्यात होतात आणि त्यांचा सराव ऐन पावसाळ्यात सुरू करावा लागतो. ऋतू उलटे असले तरी अडचण तीच. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतात, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात, साखळीतील तेल धुऊन जाते. ज्यांना हे टाळावयाचे असे ते पहिले काही आठवडे घरातच, मागचे चाक रोलरवर टेकवून, सायकल चालवत. एका खोलीत भिंतीकडे पाहत तासभर पेडल मारणे हे कंटाळवाणे काम आहे, तथापि पाया त्यानेही घातला जातो.

सरावाचे गणित साधे असते. आठवड्यात दोन वा तीन दिवस तास-दीड तासाच्या फेऱ्या आणि शनिवारी किंवा रविवारी एक लांब फेरी. ही लांब फेरी पंचवीस-तीस मैलांपासून सुरू होते आणि दर आठवड्यास थोडी थोडी वाढत जाते. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा एक संकेत सायकलस्वारांत रूढ आहे. तो शास्त्रीय नियम नव्हे. पण एकदम दुप्पट अंतर कापण्याच्या उत्साहास आळा घालण्यापुरता तो उत्तम आहे. दर तीन आठवड्यांनंतर चौथा आठवडा हलका ठेवणे अधिक महत्त्वाचे होय. स्नायू श्रमाच्या वेळी बळकट होत नाहीत, श्रमानंतरच्या विश्रांतीत होतात. नवखा मनुष्य विश्रांतीला आळस समजतो आणि तेथेच फसतो.

या लांब फेऱ्यांचा वेगही मुद्दाम संथ ठेवावा लागतो. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे, इतकाच दम लागला पाहिजे. अशा संथ, दीर्घ श्रमाने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते आणि शरीर इंधन म्हणून चरबी अधिक प्रमाणात वापरू लागते. शरीरातील साखरेचा साठा मर्यादित असतो. यकृत आणि स्नायू मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे दोन हजार उष्मांकांच्या आतबाहेर. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही अनेक दिवस पुरेल इतका असतो. सात दिवसांच्या प्रवासाची सारी भिस्त या दुसऱ्या साठ्यावर आहे.

एप्रिलच्या अखेरीपर्यंत शंभर मैलांची एक फेरी पदरात पडलेली असावी, अशी अपेक्षा असे. परंतु शंभर मैलांहून निर्णायक असतो तो लागोपाठचा दुसरा दिवस. शनिवारी ऐंशी मैल आणि रविवारी, पाय लाकडासारखे जड झालेले असताना, पुन्हा पन्नास-साठ मैल. एका दिवसाची हिंमत बहुतेकांकडे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या बुडाने त्याच सीटवर बसताना यात्रेचा खरा अनुभव येतो. मे महिन्यात असे दोन-तीन जोडदिवस केलेल्या माणसाला जूनमध्ये नवे असे फार थोडे भेटे.

सॅन फ्रान्सिस्को परिसराला या सरावासाठी निसर्गाचे वरदान आहे. गोल्डन गेट पूल ओलांडून सॉसालिटो, मिल व्हॅली, फेअरफॅक्स आणि पुढे निकासिओमार्गे पॉइंट रेज स्टेशनपर्यंत जाणारा रस्ता हा तेथील सायकलस्वारांचा पिढीजात राजमार्ग. मधे छोटे छोटे चढ, दोन्ही बाजूंना कुरणे आणि टोकाला पावाची भट्टी. पूर्वेकडे ११७३ मीटर उंचीचा माउंट डायब्लो आहे. दक्षिणेस, सॅन होजे शहराच्या डोक्यावर, लिक वेधशाळेचा माउंट हॅमिल्टन. त्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. वेधशाळेचे साहित्य घोडागाड्यांतून वर न्यावयाचे असल्याने १८७६ मध्ये बांधलेला हा रस्ता मुद्दाम सौम्य चढाचा ठेवला गेला. घोड्यांसाठी केलेली ही सोय आज सायकलस्वारांच्या कामी येते. चढ लांबलचक आहे, पण छातीवर येणारा नाही. सिलिकॉन व्हॅलीत वस्ती असलेल्या मराठी मंडळींना हा डोंगर घराच्या गच्चीतून दिसतो.

सरावाच्या सामूहिक फेऱ्या अनुभवी स्वयंसेवक चालवत आणि त्या विनामूल्य असत. वेग आणि चढ यांनुसार फेऱ्यांची प्रतवारी केलेली असे, जेणेकरून नवख्याला आपल्या कुवतीचा गट निवडता यावा. एकटा सराव करणारा आणि गटात सराव करणारा यांच्यातील मुख्य अंतर बळाचे नसते. गटातील माणसाने पंक्चर काढलेले असते, वाऱ्यात जेवण केलेले असते आणि तीन तासांनंतर आपला स्वभाव कसा होतो हे चार माणसांसमोर पाहिलेले असते.

चढ आणि गिअर

यात्रेतील दोन चढांची नावे नवख्यांच्या स्वप्नात येत. तिसऱ्या दिवशी, किंग सिटी सोडल्यावर थोड्याच वेळात लागणारा ‘क्वाडबस्टर’, म्हणजे मांड्या फोडणारा. आणि चौथ्या दिवशी पासो रोबल्सहून समुद्राकडे जाताना लागणारे ‘ईव्हिल ट्विन्स’, म्हणजे दुष्ट जुळे. नावांत अतिशयोक्ती आहे. सह्याद्रीतील कोणताही मध्यम घाट चढलेल्या माणसाला त्यांचे भय वाटण्याचे कारण नाही. पण आदल्या दिवशी १०९ मैल कापलेले असताना मध्यम चढही मध्यम राहत नाही.

चढाचे भय बहुतांशी गिअरच्या अयोग्य निवडीतून येते. पुढे ३९ दात्यांची आणि मागे २५ दात्यांची चकती असलेली शर्यतीची सायकल घेतली, आणि मिनिटाला सत्तर वेळा पेडल फिरवायचे ठरवले, तर वेग ताशी चौदा किलोमीटरच्या घरात जातो. सात टक्के चढावर, सत्तर किलो वजनाच्या माणसाला, त्यासाठी सुमारे २४० वॉट शक्ती लावावी लागते. हौशी माणसाला ती दोन-चार मिनिटे जमते. मग तो पेडल हळू फिरवू लागतो आणि सारा भार गुडघ्यांवर येतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील तर त्याच गतीने पेडल फिरवत ताशी नऊ-साडेनऊ किलोमीटरने, सुमारे १६० वॉटमध्ये, तोच चढ चढता येतो. वेळ अधिक लागतो, पण गुडघे शाबूत राहतात. सायकलच्या दुकानात महागड्या, हलक्या सांगाड्यावर पैसे ओतणाऱ्यांनी त्याऐवजी मागची मोठी चकती बसवून घेतली तर निम्मा प्रश्न सुटतो.

सपाटीवर मिनिटाला ऐंशी ते नव्वद फेरे ही सोईची गती समजली जाते. जड गिअरवर जोर लावून हळू पेडल मारण्यात मर्दुमकी वाटते खरी, परंतु पाचव्या दिवशी तिचे व्याज भरावे लागते.

उतरण्याचा सरावही तितकाच आवश्यक असतो आणि त्याकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते. दुष्ट जुळ्यांनंतर समुद्राकडे जाणारा दीर्घ उतार हे यात्रेतील सर्वांत सुंदर आणि त्याच वेळी सर्वांत धोक्याचे ठिकाण. वळणाआधी वेग कमी करणे, वळणात ब्रेक न दाबणे, बाहेरील पाय खाली ठेवून त्यावर भार देणे आणि नजर जेथे जायचे तेथे ठेवणे, या गोष्टी वाचून येत नाहीत. त्या लहान उतारांवर पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. उताराच्या अलीकडेच यात्रेचा मध्यबिंदू येई. तेथील फलकाजवळ सायकल डोक्यावर उचलून छायाचित्र काढून घेण्याची प्रथा होती.

यात्रा उत्तरेकडून दक्षिणेकडे का जाई, याचेही कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वारा प्रामुख्याने वायव्येकडून वाहतो आणि सलिनास खोऱ्यात दुपारनंतर तो जोर धरतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो. दुसऱ्या दिवशीचे १०९ मैल अनेकांना शक्य होत ते या वाऱ्याच्या कृपेने. सरावात मात्र जाणे-येणे दोन्ही असल्यामुळे वाऱ्याला सामोरे जावेच लागे. बाहेर पडताना समोरचा वारा आणि परतताना पाठीचा, अशी फेरी आखणे शहाणपणाचे असते.

पोट, पाणी आणि मीठ

ताशी वीस किलोमीटर वेगाने सायकल चालवणारा सर्वसाधारण मनुष्य तासाला पाचशेच्या आसपास उष्मांक जाळतो. सहा-सात तासांची फेरी आणि शरीराची दैनंदिन गरज धरली तर दिवसाकाठी पाच हजारांच्या घरात आकडा जातो. एवढे अन्न रात्रीच्या एका जेवणात खाणे शक्य नसते. त्यामुळे चालत्या सायकलवर खाण्याची सवय हा सरावाचाच एक भाग ठरतो. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पचवणे बहुतेकांना जमते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण घेतल्यास सवयीने हे प्रमाण नव्वद ग्रॅमपर्यंत नेता येते. केळे, खजूर, उकडलेला बटाटा, चिक्की, गुळाची पोळी, यांतील कशानेही काम भागते. बाजारातील चकचकीत पुड्यांत याहून निराळे फारसे नसते, फक्त त्या खिशात चिकट होत नाहीत. भूक लागण्यापूर्वी खाणे आणि यात्रेच्या दिवशी नवे काहीही न खाणे, हे दोन नियम मात्र मोडू नयेत. ज्या पदार्थाने सरावात पोट बिघडले नाही तोच पदार्थ सोबत असावा.

पाण्याच्या बाबतीत जुनी शिकवण अशी होती की, जितके पिता येईल तितके प्यावे. ती आता टाकून देण्यात आली आहे. दिवसभर घामातून मीठ जात असताना केवळ साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. डोकेदुखी, मळमळ, बोटांना सूज, गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे. ती निर्जलीकरणासारखीच दिसतात आणि म्हणून सोबती आणखी पाणी पाजतात. काही प्रसंगी हे जिवावर बेतते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहानेनुसार कमी-अधिक, आणि सोबत मीठ, हे सर्वसाधारण प्रमाण होय. आपल्याला घाम किती येतो हे जाणण्याचा उपाय सोपा आहे. तासाभराच्या फेरीआधी व नंतर वजन करावे. प्यायलेले पाणी हिशेबात धरून जितके ग्रॅम घटले तितके मिलिलिटर घाम गेला.

किनाऱ्यावर सकाळी धुके आणि गारठा, तर आतल्या खोऱ्यात दुपारी रणरणते ऊन, अशा हवामानात काढता-घालता येणाऱ्या बाह्या आणि पातळ जाकीट यांचे मोल कळते.

सीट, हात, गुडघे

सायकलस्वाराचे शरीर सायकलला तीन ठिकाणी टेकते आणि बहुतेक दुखणी त्या तीन ठिकाणीच उद्भवतात. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते. मागची दुखत असेल तर वर. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात पंचवीस ते पस्तीस अंशांचा वाक राहावा, हे ढोबळ माप. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे ही मनगटापाशी दबलेल्या मज्जातंतूची तक्रार असते. हँडल थोडे वर घेणे, जाड पट्टी गुंडाळणे आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलणे हे त्यावरील उपाय. सीटविषयी नवख्यांचा एक समज असतो की, जितकी मऊ तितकी चांगली. प्रत्यक्षात मऊ गादी दोन तासांनंतर दबून नको तेथे टोचू लागते. बसण्याच्या हाडांच्या रुंदीची, काहीशी कठीण सीटच लांब पल्ल्याला मानवते. गादी शिवलेली चड्डी आतल्या कपड्यांशिवाय घालावयाची असते, ही गोष्ट संकोचामुळे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. परिणामी शिवणीने कातडी सोलवटते आणि फोड येतात. रोज धुतलेली चड्डी, घर्षण कमी करणारे मलम आणि प्रवास संपताच कपडे बदलणे, एवढ्याने बहुतेक त्रास टळतो.

यात्रेच्या नियमांत शिस्तीला फार महत्त्व होते. शिरस्त्राण सक्तीचे, कानात संगीत वर्ज्य, थांब्याच्या चिन्हाला पूर्ण थांबणे अनिवार्य. एकमेकांच्या चाकाला चाक भिडवून रांगेने जाण्यास मनाई होती. शर्यतीत त्याने श्रम वाचतात, पण नवख्यांच्या गर्दीत एकाने ब्रेक दाबला की दहा जण आडवे होतात. ओलांडताना ‘डावीकडून’ अशी हाक देणे, मागून मोटार आल्याचे पुढच्याला कळवणे आणि खड्डा हाताने दाखवणे हे सरावफेऱ्यांत इतके अंगवळणी पाडले जाई की, काही जण बाजारातील ढकलगाडी चालवतानाही हाका देत, असे गमतीने सांगितले जाते.

शेवटचे पंधरा दिवस आणि यात्रेचा आठवडा

यात्रेपूर्वी दोन आठवडे सराव निम्म्यावर आणला जातो. वेग तोच ठेवून अंतर घटवायचे. या काळात पाय अकारण जड वाटतात, जुनी दुखणी डोके वर काढतात आणि सराव कमी पडल्याची शंका छळते. या शंकेपोटी शेवटच्या रविवारी शंभर मैल मारून येणारे प्रत्येक वर्षी असत. त्या शंभर मैलांचा लाभ शरीराला मिळण्यास दोन-तीन आठवडे लागतात; थकवा मात्र ताबडतोब मिळतो.

मुक्कामी दोघांमागे एक तंबू असे, सामान ट्रकमधून येई. दर पंधरा-वीस मैलांवर विसावा असे आणि तो चालवणाऱ्या स्वयंसेवकांना ‘रोडी’ म्हणत. वेळेचा हिशेब येथे कामी येई. दुसऱ्या दिवशीचे १०९ मैल, म्हणजे १७५ किलोमीटर, ताशी वीसच्या वेगाने पावणेनऊ तासांचे काम. पाच विसाव्यांवर वीस-वीस मिनिटे गेली तर साडेदहा तास. तीच प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे रेंगाळल्यास बारा तासांच्या वर, आणि मग संध्याकाळी मार्ग बंद होण्याची वेळ गाठते. मागे राहिलेल्यांना गाडीतून मुक्कामी आणले जाई. त्यात नामुष्की मानली जात नसे, तरी सरावातच विसाव्याची शिस्त लावून घेतलेल्यांवर ती वेळ क्वचित येई.

तिसऱ्या दिवशी ब्रॅडली या चिमुकल्या गावात शाळेसाठी गावकरी दुपारचे जेवण विकत आणि त्या उत्पन्नातून मुलांच्या उपक्रमांचा खर्च निघे. पाचव्या दिवशी सर्वांनी लाल वेष करण्याचा प्रघात होता. डोंगरावरील वळणावळणाच्या रस्त्याने जाणारी रांग दुरून एड्सच्या लाल फितीसारखी दिसावी, ही मूळ कल्पना. कालांतराने लाल झगे, विगसुद्धा आले. सहाव्या रात्री व्हेंचुराच्या किनाऱ्यावर मेणबत्त्या पेटवून गेलेल्यांचे मूक स्मरण केले जाई. दिवसभर थट्टामस्करी करणारी माणसे तेथे शब्दही बोलत नसत.

२०१९ मध्ये एका वर्षात १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक निधी जमला, पण साथीनंतर सहभाग पूर्ववत झाला नाही आणि आयोजनाचा खर्च वाढत गेला. २०२४ मध्येच दोन्ही संस्थांनी जाहीर केले की, जून २०२५ ची यात्रा अखेरची असेल. दरम्यान रोगाचे रूपही पालटले होते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रतिबंधक गोळीस मान्यता मिळाली, नियमित औषधे घेणारे बाधित दीर्घायुषी झाले.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याची आवड असलेल्यांसाठी ‘ब्रेव्हे’ या वेळेच्या मर्यादेतील, बिनशर्यतीच्या सायकलफेऱ्या पुण्या-मुंबईत होत असतात. दोनशे किलोमीटरना साडेतेरा तास, तीनशेंना वीस, चारशेंना सत्तावीस, सहाशेंना चाळीस. वरील सरावाचा बहुतेक भाग दोनशेच्या फेरीस जसाच्या तसा उपयोगी पडतो. चारशेपासून पुढे रात्रीचा प्रवास आणि झोपेचा प्रश्न येतो, त्याची तयारी निराळी.

प्रवास संपल्यावर एकदम सायकल टाकून देणे इष्ट नसते. पहिले तीन-चार दिवस विश्रांती, मग आठवडाभर अर्ध्या-पाऊण तासाच्या संथ फेऱ्या असा क्रम ठेवावा. भूक काही दिवस वाढलेलीच राहते. बोटांचा बधिरपणा काही आठवड्यांत ओसरतो. तो महिन्याहून अधिक टिकल्यास किंवा बोटांतील पकड सैल वाटू लागल्यास डॉक्टरांना दाखवावे.